आपल्या दरीतला कीचक केरळात नाचतो!

चिखलदऱ्याला कोण कोण जाऊन आलंय, राजेहो? अमरावती-अकोल्याकडची पोरं पावसाळ्यात एकदा तरी जातातच. परतवाड्यावरून घाट चढायचा, धुक्यात भाजलेलं कणीस खायचं आणि भीमकुंडाच्या कठड्याशी उभं राहून दरीत डोकवायचं. तिथं कुणीतरी हमखास ती गोष्ट सांगतं. भीमानं कीचकाला मारलं, या दरीत फेकलं आणि या कुंडात हात धुतले. दरीचं नावच कीचकदरी. गोष्ट ऐकून आपण फोटो काढतो आणि गाडीत बसतो.

आता पुढचं ऐका. चिखलदऱ्यापासून हजार-बाराशे किलोमीटर दक्षिणेला, केरळातल्या देवळाच्या आवारात, हाच कीचक रात्री नाचायला येतो. हिरवा चेहरा, लालभडक डोळे, नाकाच्या शेंड्यावर पांढरा गोळा. तोंडातून तो एक शब्द बोलत नाही. तरी समोर बसलेल्या आजीला आणि तिच्या मांडीवरच्या नातवाला दोघांनाही कळतं की हा माणूस गर्विष्ठ आहे, दांडगट आहे आणि आज रात्री याची काही धडगत नाही.

न बोलता एवढं कसं कळतं? आजचा लेख त्यावरच आहे. नाचून नाटक करायचं, म्हणजे नृत्यनाट्य.

पण आधी गोष्ट नीट सांगते, कारण ती गोष्टच मुळात सोंगांची आहे. पांडवांना बारा वर्षांचा वनवास झाला आणि तेराव्या वर्षी अज्ञातवास. कुणी ओळखलं की पुन्हा बारा वर्षं वनवास. मग काय करतील? विराट राजाच्या राजवाड्यात प्रत्येक जण वेगळा वेष घेऊन शिरला. युधिष्ठिर द्यूत खेळणारा कंक झाला. ताकदवान भीम बल्लव नावाचा आचारी झाला. नकुल घोड्यांकडे गेला, सहदेव गाईंकडे. द्रौपदी सैरंध्री झाली, राणीची वेणीफणी करणारी. आणि धनुर्धर अर्जुन? तो झाला बृहन्नडा, राजकन्या उत्तरेचा नाचाचा शिक्षक! म्हणजे वर्षभर राजवाड्यात नाटक चालू आणि प्रेक्षकांना पत्ताच नाही.

कीचक हा राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती. त्यानं द्रौपदीला त्रास द्यायला सुरुवात केली. तेव्हा द्रौपदी आणि भीम यांनी बेत रचला. कीचकाला रात्री एका रिकाम्या जागी बोलवायचं आणि तिथं अंधारात भीम दबा धरून बसणार. जागा कुठली निवडली माहीत आहे? नृत्यशाळा. दिवसा अर्जुन जिथं उत्तरेला नाच शिकवायचा, तीच. महाभारतात ही मारामारी नाचाच्या जमिनीवर झाली आणि भीमानं कीचकाचा अक्षरशः चेंदामेंदा केला.

ती नृत्यशाळा खरंच आपल्या डोंगरात होती का? गाविलगडच्या डोंगररांगेत वैराट नावाचं उंच शिखर आहे आणि मेळघाटातले लोक विराटाचं नाव त्याच्याशी जोडतात. मात्र राजस्थानात बैराट नावाचं गाव आहे, तेही विराटनगर म्हणून सांगितलं जातं आणि अभ्यासकांचा कल तिकडेच आहे. तुम्ही यावर भांडू नका. आवडती गोष्ट प्रत्येक मुलूख आपल्या डोंगरावर आणून बसवतो, आपणही बसवली.

ही गोष्ट मराठी रंगभूमीवर फार गाजली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ मध्ये 'कीचकवध' नाटक लिहिलं. बघणाऱ्यांना कीचकात इंग्रज व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि छळ सोसणाऱ्या द्रौपदीत आपला देश. इंग्रज सरकारलाही तेच दिसलं. त्यांनी १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. पण ते संवादांचं नाटक. आपल्याला नाचणारा कीचक बघायचाय, तेव्हा चला केरळात.

तिथल्या नृत्यनाट्याचं नाव कथकली. 'कीचकवधम्' हे त्यातलं गाजलेलं काव्य लिहिलं इरायिम्मन तंपी यांनी. ते १७८२ ते १८५६ या काळातले, त्रावणकोरच्या दरबारातले कवी. राजघराण्यात बाळ जन्मलं तेव्हा यांनीच एक अंगाई रचली होती आणि केरळातल्या आया ती अजून गातात. (ते बाळ पुढे स्वाती तिरुनाळ नावाचा प्रसिद्ध संगीतकार राजा झालं.) अंगाई लिहिणाऱ्या माणसाला कीचकासारखा दांडगोबाही लिहिता आला, याचं मला भारी कौतुक वाटतं.

कथकलीत नट गात नाही. मागं उभे राहून दोघे गायक गातात. चेंडा आणि मद्दळम् नावाचे ढोल वाजतात, झांजा वाजतात. नट फक्त शरीरानं बोलतो. त्याच्याकडे हाताच्या चोवीस मूळ मुद्रा असतात. त्या एका हातानं, दोन हातांनी, वेगवेगळ्या जागी धरून, हलवून त्यांतून शेकडो शब्द तयार होतात. हरीण, कमळ, राजा, 'ये', 'जा', 'मला राग आलाय', सगळं. व्यंजनं आणि स्वर जोडून आपण जसे शब्द करतो, तशीच ही हातांची बाराखडी.

आणि डोळे! कथकली शिकणाऱ्या मुलांना पहाटे उठून डोळ्यांचा व्यायाम करावा लागतो. मान हलवायची नाही, बुबुळं फक्त फिरवायची. वर, खाली, तिरकी, गोल, आधी सावकाश, मग भराभर. भारतपुळा नदीकाठी केरळ कलामंडलम् नावाची शाळा आहे, कवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन यांनी १९३० साली काढलेली. तिथं हे वर्षानुवर्षं शिकवतात. तुम्ही आत्ता मान स्थिर ठेवून बुबुळांनी आठचा आकडा काढून बघा. पाच-सहा वेळा केलंत की डोळे 'पुरे' म्हणतील.

रंगाची गोष्ट तर आणखी मजेची. कथकलीत चेहरा बघूनच पात्राचा स्वभाव ओळखतात. राम, अर्जुन, कृष्ण अशा थोरांचा चेहरा पूर्ण हिरवा. कीचक, रावण, दुर्योधन हे शूर आहेत, राजघराण्यातले आहेत, पण गर्वानं वाया गेलेले. म्हणून त्यांचाही चेहरा हिरवाच, पण गालांवर वर वळलेले लाल पट्टे आणि नाकावर व कपाळावर पांढरे गोळे. म्हणजे कीचकात चांगलं काहीच नव्हतं असं कथकली म्हणत नाही. हिरव्यात लाल मिसळलं, असं म्हणते. वाईट माणूस रंगवायची ही पद्धत मला आपल्या टीव्हीवरच्या खलनायकांपेक्षा फार शहाणी वाटते.

हा हिरवा रंग पूर्वीपासून कशाचा करतात? हरताळ हे पिवळं खनिज आणि निळा रंग, दोन्ही खलून खोबरेल तेलात कालवायचे. पिवळा आणि निळा मिळून हिरवा, हे तुम्हाला चित्रकलेच्या तासाला माहीत झालंच आहे. लाल रंग हिंगुळाचा. काळा काजळीचा. हरताळात आर्सेनिक असतं आणि हिंगुळात पारा, त्यामुळे हे रंग घरी खलायचे नाहीत, ते जाणत्या माणसांचं काम आहे. हनुवटीभोवती पांढरी कडा उभी करतात, तिला चुट्टी म्हणतात. तांदळाचं पीठ आणि चुना यांच्या लगद्यानं ती चेहऱ्यावर थर देत देत बसवतात, हल्ली कागदही कापून लावतात. नट जमिनीवर उताणा पडून राहतो, रंगवणारा डोक्याशी बसतो आणि हे काम तासन्‌तास चालतं. बरेच नट त्या वेळात झोप काढतात म्हणे. मग कंबरेला कापडाचे थरावर थर बांधून घेर करतात, तेव्हा नट कापसाच्या गाठीसारखा चौफेर फुगतो.

आणि ते लाल डोळे? वांग्याच्या कुळातलं एक रानझाड असतं, त्याला मल्याळममध्ये चुंडा म्हणतात. त्याच्या फुलातला इवलासा बीजकोश हातावर चोळून चोळून नट खालच्या पापणीत ठेवतो. डोळ्याचा पांढरा भाग थोडा चिडतो, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोळा लाल दिसायला लागतो. हा प्रयोग तुम्ही मुळीच करायचा नाही. डोळ्यात काहीही घालायचं नाही. समजलं?

पण हिरव्या चेहऱ्यात डोळे लालच का, त्यामागचं विज्ञान तुम्ही घरी बघू शकता. पांढऱ्या कागदावर गडद हिरवा ठिपका रंगवा, रुपयाच्या नाण्याएवढा. त्याच्याकडे पापणी न हलवता मनातल्या मनात तीसपर्यंत मोजत बघा. मग लगेच कोऱ्या कागदाकडे नजर वळवा. तिथं गुलाबीसर लाल ठिपका तरंगताना दिसेल! डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी असतात. हिरव्याकडे एकटक बघून त्यातल्या काही थकतात आणि मेंदूला उलट बाजूचा रंग दिसू लागतो. हिरवा आणि लाल हे असे एकमेकांच्या उलट बाजूचे रंग. ते शेजारी ठेवले की हिरवा जास्त हिरवा दिसतो आणि लाल जास्त लाल. म्हणजे हिरव्या चेहऱ्यातले लाल डोळे लांबूनही उठून दिसणार. हे गणित केरळच्या रंगवणाऱ्यांनी पुस्तक न वाचता, नुसतं बघून बघून सोडवलं.

कीचकासारखं पात्र एकदम समोर येत नाही. दोन माणसं रंगीत पडदा हातात धरून उभी राहतात. पडद्यामागून ढोल कडाडतात, आरोळी येते. मग पडद्याच्या वरच्या कडेवर चांदीच्या लांब नखांची बोटं दिसतात. मुकुट दिसतो. पडदा थोडा खाली येतो, डोळे दिसतात, पुन्हा झाकतो. समोर पितळी समईची मोठी ज्योत हलत असते, त्यामुळे चेहऱ्यावर सावल्याही हलतात. नुसतं 'दिसणं' एवढ्याच गोष्टीला इतका वेळ देतात! आपण असतो तर एव्हाना रिमोट दाबला असता.

आरोळीवरून आठवलं. राम-कृष्णासारखी थोर पात्रं कथकलीत तोंडातून आवाज काढत नाहीत, पण कीचक-रावण आरोळ्या ठोकतात. आपल्या मराठी नाटकाचीही सुरुवात अशाच आरडाओरड्यानं झाली. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केलं. त्याआधी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे नाचगाण्याचे खेळ सांगलीकरांनी पाहिले होते. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार पद गायचा, देव शांतपणे यायचे आणि राक्षस मात्र हाणामारी करत, 'अललडुर्र' असं ओरडत रंगमंचावर उड्या घ्यायचे. पुढे लोकांनी त्या नाटकांचं नावच 'अललडुर्र नाटकं' ठेवलं. तुमच्या स्नेहसंमेलनात राक्षसाचं काम मिळालं तर बाईंना एकदा विचारून बघा, अललडुर्र चालेल का.

अमरावती जिल्ह्याची आणखी एक गोष्ट अशीच देशभर नाचत फिरते. तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठावर कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर ते. तिच्या भावानं, रुक्मीनं, तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलं. तिनं गुपचूप कृष्णाला निरोप पाठवला. देवीच्या दर्शनाला गेलेल्या रुक्मिणीला कृष्णानं रथात घेतलं आणि पाठलाग करणाऱ्या रुक्मीचं डोकं नि दाढी-मिशी भादरून सोडून दिलं. अमरावतीकर सांगतात, ते देऊळ म्हणजे आपलं अंबादेवीचं.

ही गोष्ट आसामात पोचली. संत शंकरदेव यांनी 'रुक्मिणीहरण' हे नाट्य लिहिलं. शंकरदेव गेले १५६८ मध्ये, तेव्हा नाटक साडेचारशे वर्षांहून जुनं. गावच्या नामघरात, म्हणजे प्रार्थनेच्या मोठ्या मंडपात, ते आजही करतात. पांढऱ्या कपड्यातला सूत्रधार नाचत येतो आणि सगळी गोष्ट पुढे नेतो. आणि आसामातल्या अशा नाट्यांतले राक्षस, पशुपक्षी? त्यांचे मुखवटे असतात. ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावर सामगुरी सत्र नावाच्या मठात हे बनतात. आधी बांबूच्या कामट्या विणून सांगाडा. त्यावर मातीत भिजवलेलं कापड. मग शेण आणि माती कालवून नाक, गाल, भुवया. वाळलं की घासून रंग. काही मुखवट्यांचा जबडा हलतो, नट बोलला की राक्षसही तोंड उघडतो! सामगुरीचे मुखवटाकार हेमचंद्र गोस्वामी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली आणि माजुलीच्या मुखवट्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन. आपल्या नागपूरच्या संत्र्यालाही ते मानांकन आहे.

मुखवट्यात एक अडचण असते. तो हसरा कोरला की हसराच, रडका कोरला की रडकाच. नाटकात तर पात्र हसणार, घाबरणार, रुसणार. मग काय करायचं?

याचं सगळ्यांत चलाख उत्तर जपानच्या नटांनी शोधलं. तिथल्या नो नावाच्या नृत्यनाट्याला सहाशे वर्षांचा इतिहास आहे. कानआमी आणि त्याचा मुलगा झेआमी या बापलेकांनी त्याला घडवलं, चौदाव्या-पंधराव्या शतकात. नोचा मुखवटा हिनोकी नावाच्या सुरूच्या जातीच्या झाडाच्या लाकडाचा, आणि त्यावर मुद्दाम अर्धवट भाव कोरतात. धड हसू नाही, धड रडू नाही. नट मान किंचित वर करतो, मुखवट्यावर उजेड पडतो, चेहरा उजळल्यासारखा वाटतो. मान किंचित खाली, भुवयांची सावली डोळ्यांवर येते आणि चेहरा उदास होतो. लाकूड तेच. उरलेलं काम बघणाऱ्याचा मेंदू करतो, कारण माणसाचा मेंदू ढगांतही चेहरे शोधतो.

घरी करून बघा. वर्तमानपत्रातला समोरून काढलेला एक मोठा चेहरा कापून घ्या. प्रत्येक डोळ्याच्या मधोमध एक, अशा उभ्या दोन घड्या घाला, त्यांची धार तुमच्याकडे यायला हवी. तिसरी उभी घडी नाकावरून घाला, ती उलटी, म्हणजे आत जाणारी. आता कागद हळूच पुढे-मागे कलवा. एका बाजूला कलवला की साहेब खूश, दुसऱ्या बाजूला कलवला की साहेब फुगले! कुठल्या बाजूला काय होतं आणि का, ते तुम्हीच शोधा.

नोचा रंगमंच साध्या गुळगुळीत फळ्यांचा. मागच्या भिंतीवर एक पाइनचं झाड रंगवलेलं, बाकी देखावा नाहीच. नट पाय न उचलता सरकत चालतो आणि मध्येच एकदा पाय आपटतो. तो आवाज घुमावा म्हणून जुन्या रंगमंचाखाली मातीचे मोठे रांजण पुरून ठेवत. आपल्याकडे पखवाजाला शाई लावतात, त्यांनी अख्ख्या रंगमंचाचाच ढोल केला!

आणि ऐका, जपानमध्येही आपली एक गोष्ट जाऊन बसली आहे. महाभारतातला ऋष्यशृंग आठवतो? डोक्यावर शिंग असलेला, रानात वाढलेला ऋषिपुत्र. अंगदेशात दुष्काळ पडला होता, तो राज्यात आला आणि पाऊस पडला. ही गोष्ट बौद्ध कथांबरोबर चीनमार्गे जपानला गेली. तिथं तिचं 'इक्काकु सेन्निन' नावाचं नो नाट्य झालं. त्यात एका शिंगाचा तपस्वी चिडून पावसाच्या नागदेवांना गुहेत कोंडतो. राजा एका सुंदर स्त्रीला पाठवतो. ती त्याला पेय देते आणि नाचते. नाच बघता बघता तपस्वीही उठून तिच्याबरोबर नाचू लागतो, मग पेंगुळतो. तेवढ्यात गुहा फुटते, नागदेव बाहेर येतात आणि पाऊस कोसळतो. नाटक जपानी, पण ते घडतं वाराणसीच्या राज्यात. पुढे याच गोष्टीवर काबुकीमध्ये 'नारुकामी' आलं, १७४२ साली. पावसाची वाट बघत आभाळाकडे टक लावणाऱ्या वऱ्हाडातल्या माणसाला ही गोष्ट कुणी वेगळी समजावून सांगायला नको. धोंडीच्या दिवशी अंगाला कडुलिंबाचा पाला बांधून दारोदार पाणी मागत फिरणारी आपली पोरंही नागदेवांची गुहाच फोडत असतात, नाही का?

काबुकी हा नोचा धाकटा, गडबड्या भाऊ. ओकुनी नावाच्या एका नर्तकीनं क्योतो शहरात १६०३ च्या सुमारास त्याला सुरुवात केली. पण सरकारनं १६२९ मध्ये बायकांना रंगमंचावर बंदी केली, तेव्हापासून बायकांची कामं पुरुष करतात. काबुकीत मुखवटा नाही, चेहऱ्यावर पट्टे ओढतात. लाल पट्टे म्हणजे शूर आणि न्यायी, निळे म्हणजे दुष्ट. बघा, कीचकाच्या गालावरचा लाल रंग जपानमध्ये नायकाला मिळाला! रंगाला स्वतःचा असा अर्थ नसतो, तो आपण देतो. काबुकीतली माझी आवडती युक्ती कपड्यांची. नर्तकाचे कपडे कच्च्या धाग्यांनी टाचलेले असतात. नाचता नाचता मागचा मदतनीस धागे ओढतो आणि क्षणात वरचा झगा निघून खालचा वेगळ्याच रंगाचा झगा दिसतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि मदतनीस गुपचूप मागं सरकतो.

आता जपानमधून परत मेळघाटात येऊ.

चिखलदरा आणि धारणी तालुक्यांत कोरकू लोकांची गावं आहेत. आपण रामलीलेत बघतो तो रावणाचा मुलगा मेघनाद, ज्याच्या बाणानं लक्ष्मण पडतो, तो कोरकूंचा देव आहे! ते त्याला मेघनाथ म्हणतात. होळीच्या सुमारास मेळघाटातल्या काही गावांत मेघनाथाची यात्रा भरते. उंच खांब उभा करतात, त्याची पूजा करतात, नवस फेडतात, ढोल वाजवत नाचतात. सातपुड्याच्या पलीकडच्या उतारावर, मध्य प्रदेशातल्या कोरकू गावांत, याच खांबाभोवती खंब नावाचं नृत्यनाट्य होतं. नवरात्रापासून दिवाळीनंतरच्या प्रबोधिनी एकादशीपर्यंत रात्रीच्या रात्री सोंगं येतात, नाच होतो, थट्टा होते. मेघनाथानं आपल्या पूर्वजांना संकटातून वाचवलं, ही त्यामागची श्रद्धा. कीचक रंगवणाऱ्यानं जे लाल-हिरव्यानं सांगितलं, ते कोरकूंनी खांब रोवून सांगितलं. ज्याला एक खलनायक म्हणतो, त्याला दुसरा हात जोडतो.

कोरकू भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या कुळातली नाही. ती मुंडा भाषा आहे. झारखंडातली संथाली, मुंडारी या तिच्या बहिणी, आणि या सगळ्यांत पश्चिमेला राहणारी कोरकूच. याच मोठ्या भाषाकुळातली लांबची नातेवाईक म्हणजे कंबोडियाची ख्मेर भाषा. आणि कंबोडियात ल्खोन खोल नावाचं मुखवट्यांचं नृत्यनाट्य आहे. सगळे नट पुरुष, आणि गोष्ट रामायणाची. म्हणजे मेघनादही आहेच! मेकाँग नदीजवळच्या स्वाय आंडेत गावात शेतकरी भातशेतीच्या हंगामाआधी ते करतात. युनेस्कोनं २०१८ मध्ये ते तातडीनं जपायच्या कलांच्या यादीत घातलं. मेळघाटातून कुणी तिकडे नाटक घेऊन गेलं असा याचा अर्थ नाही. रामायण वेगळ्या वाटेनं गेलं, भाषा वेगळ्या वाटेनं. तरी धारणीच्या शाळेतल्या कोरकू मुलीनं कधी कंबोडियातला मुखवटा घातलेला मेघनाद पाहिला तर तिला काय वाटेल, असा विचार माझ्या मनात येतो खरा.

विदर्भात नाचातून नाटक करायची आपली रीतही आहे. तिला दंडार म्हणतात. पूर्वेकडे झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे तिचा जोर जास्त. दिवाळीच्या आसपास, सुगीच्या तोंडावर, गावातलेच लोक नट होतात. हातात टिपऱ्या घेऊन गोल नाचायचं, गाणं म्हणायचं, मध्येच सोंगं आणायची. बायकांची कामं पुरुषच करतात, काबुकीसारखीच. मात्र त्यांना कुणा सरकारनं सांगितलेलं नाही. पडदा नाही, तिकीट नाही, रंगमंच म्हणजे चावडीपुढचं अंगण. सकाळी धुरकरी असलेला माणूस रात्री राणी होतो आणि पोरं त्याला ओळखून खिदळतात.

आणि मुलींनो, भुलाबाई विसरलात काय? भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत अकोला, बुलडाणा, अमरावतीकडे भुलाबाई-भुलोबाची मातीची जोडी मांडतात. टिपऱ्यांच्या ठेक्यावर सासर-माहेरची गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा. त्या गाण्यांत सासू आहे, नणंद आहे, रुसलेली सून आहे. पात्रं तयार, ठेका तयार, फक्त उठून ती पात्रं नाचून दाखवायची बाकी आहेत. यंदा करून बघा. चोवीस मुद्रा येत नसतील तर तुमच्या स्वतःच्या पाच बनवा. 'सासूबाई', 'माहेर', 'बैलगाडी', 'रुसले मी' आणि 'खाऊ ओळखा', एवढ्या पुरे.

आमचं एक काम कराल? तुमच्या गावात किंवा आजोळी दंडार होते का, सोंगं येतात का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. होत असेल तर बघायला जा. वही घेऊन बसा. कोण कुठलं सोंग घेतं, चेहऱ्याला काय फासतं, कुठलं वाद्य वाजतं, मुखवटा कशाचा आहे, हे लिहा. फोटो काढायचा तर आधी विचारा, कारण काही ठिकाणी ती पूजा असते. केरळातल्या रंगांची आणि जपानमधल्या मुखवट्यांची पुस्तकं निघाली, आपल्या गावातल्या सोंगांची पुष्कळशी माहिती अजून माणसांच्या डोक्यातच आहे. तुम्ही लिहिलेलं आम्हाला पाठवा. सोंगाचं चित्र काढलंत तर तेही पाठवा, आणि मागं तुमचं नाव, इयत्ता आणि गाव लिहायला विसरू नका.